या नावाने सर्वपरिचित

युफ्रेशिया कॅडोर बोलायला लागल्या की माणसं आधी टोप्या काढत. मग ऐकत.

ही सवय रेडिओने लावली होती. सव्वीस वर्षं, रविवार सोडून रोज, दुपारच्या बातम्या संपल्या की साडेबाराला बाई बेटावरचे मृत्यू वाचायच्या. त्या वेळी गुयावच्या बाजारात मासे तोलणारा तराजू थांबायचा. शाळेत मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे. बायका कढईवर पळी धरून तशाच थांबायच्या. आधी यायचं मयताचं बाप्तिस्म्याचं नाव. ते ऐकून कुणाच्या चेहऱ्यावर काही उमटत नसे. मग वय. मग गाव. मग बाई एक श्वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, ‘उलटी छत्री या नावाने सर्वपरिचित.’

तेव्हा कुठे कळायचं कोण गेलं. मग रडणं.

बेटावर बाप्तिस्म्याचं नाव कागदापुरतं असतं. पाद्री ते एकदा उच्चारतो, त्यानंतर पोलीस. मधल्या आयुष्यात माणूस गाढवाचा दात असतो, किंवा रविवार, किंवा शेरभर मीठ. बाईंनाही नाव होतं. तोंडावर सगळे त्यांना तांती, म्हणजे मावशी, म्हणत. पाठ फिरली की साडेबारा. बाईंना ते माहीत होतं. त्या पाठ जरा सावकाशच फिरवायच्या.

त्यांचे वडील सोतेर गावच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचे. कुणी गेलं एवढंच घंटा सांगते, कोण गेलं ते नाही. म्हणून दहा वर्षांची युफ्रेशिया दफनभूमीच्या भिंतीवर चढायची आणि ओरडून सांगायची. आवाज गोड नव्हता. पण खाली समुद्रात होडीवर असलेल्या माणसालाही तो पोचायचा. पुढे रेडिओने तिला भिंतीवरून खाली उतरवलं आणि माईकसमोर बसवलं, एवढंच.

मृत्यूच्या बातमीत शेवटी नातेवाईक येतात. अमक्याचा नवरा, तमक्याचा भाऊ, ह्यांचा बाप. मुलांची नावं वाचताना ब्रुकलिनमधली, टोरोंटोमधली, लंडनमधली, सगळी वाचायची. ही यादी घरचे लोक लिहून देतात. आणि घरचे लोक काही नावं विसरतात. मुद्दाम. बाई विसरत नसत. कुणाचं कोण, हे त्यांच्या डोक्यात लिहिलेलं होतं. चर्चचे मोठे कारभारी एब्नेझर मॉडेस्ट वारले तेव्हा कागदावर पाच मुलं होती. बाईंनी नऊ वाचली. वयाच्या क्रमाने, गावांसकट.

विधवा छत्री घेऊन रेडिओ केंद्रावर आली. छत्री तिने उघडली नव्हती.

“जे लिहिलंय तेवढंच वाचायचं,” रेडिओचे साहेब म्हणाले.

“मग लिहायलाही शिकवा लोकांना,” बाई म्हणाल्या.

त्यांना लवकर निवृत्त करण्यात आलं. वय सत्तावन्न. घरी अकरा कोंबड्या. पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांनी ऐकलं की साडेबाराला बाई अंगणात उभ्या राहून कोंबड्यांना काहीतरी वाचून दाखवत होत्या. दुसऱ्या आठवड्यात कोंबड्या साडेबाराला आपण होऊन जमायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी विमानतळावर अर्ज केला.

विमानतळाचे मॅनेजर होते मिस्टर लेसी. जन्म इथलाच, पण वीस वर्षं मायामीत काढून आलेले. उन्हातही टाय. त्यांनी येताच गाड्यांच्या तळावर नवे कर्णे बसवले होते, आणि त्यातून बोलायला कुणीतरी हवं होतं.

“तीन महिने पाहू,” ते म्हणाले. “नाव, विमान, दरवाजा. बस. चौथा शब्द नको.”

टेबलावर एक खोकं होतं. त्यांनी त्यावर बोट वाजवलं.

“ह्यात एक बाई आहे. मायामीहून मागवलीय. यंत्रात नाव टाईप केलं की ती बोलते. दमत नाही, खोकत नाही. तुमचा एक जरी जादा शब्द ऐकला, तर दुसऱ्या दिवशी ती तुमच्या जागी.”

बाईंनी खोक्याकडे पाहिलं. “तिला कुणाची आई माहीत आहे का?”

“तिला माहीत असायची गरज नाही.”

पहिल्याच आठवड्यात टोरोंटोच्या विमानाला थिओडोर फ्रान्सिस नावाचा प्रवासी कमी पडला. बाईंनी सात वेळा पुकारलं. तो कर्ण्याच्या बरोबर खाली शेंगदाणे खात बसला होता. विमान गेलं. मग तो विचारायला आला की आपलं विमान कधी आहे.

“सात वेळा नाव घेतलं तुझं,” लेसी म्हणाले.

“ते माझं होतं?” तो म्हणाला. “मला वाटलं कुणी कॅनेडियन असेल. किती शोधतायत बिचाऱ्याला, असं शेजारच्या बाईला म्हणालोसुद्धा. रविवार म्हणून हाक मारली असती तर पळत आलो असतो.”

बाईंनी लेसींकडे पाहिलं. लेसींनी खोक्याकडे पाहिलं.

“हा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे,” लेसी म्हणाले. “मासळीबाजार नाही.”

बाई गप्प राहिल्या. एकोणनव्वद दिवस गप्प राहिल्या. नाव, विमान, दरवाजा. रोज संध्याकाळी घरी जाऊन उरलेलं सगळं कोंबड्यांना सांगत.

त्यांची खोली काचेची होती, वरच्या मजल्यावर, निरोपाच्या कठड्याला लागून. ह्या कठड्यावर घरचे लोक उभे राहतात आणि विमान ठिपका होईपर्यंत हात हलवतात. आधी थांबलेला हात लोक लक्षात ठेवतात. खोलीच्या एका काचेतून गाड्यांचा तळ दिसायचा, दुसऱ्या काचेतून पासपोर्टच्या दोन खिडक्या.

त्यातल्या एका खिडकीत व्हर्लिन पीटर्स बसायची. तीस वर्षांची, उंच, नाक जरा मोठं. गणवेशाची इस्त्री अशी की त्यावर पाल चढली तर घसरेल. ती आणि बाई सकाळी एकत्र खायच्या. तळलेली पाव-पुरी, खारवलेला मासा, जायफळ घातलेला कोको.

नव्वदाव्या दिवशी व्हर्लिनने पुरी तोडली आणि खाल्ली नाही.

“आज शेरभर मीठ जातोय,” ती म्हणाली. “न्यूयॉर्कच्या यादीत नाव पाहिलं.”

“बरं.”

“आज एकच खिडकी उघडी आहे, तांती. माझी. दुसरीवाला आजारी आहे.”

“मग येईल तुझ्याकडे.”

“चार वर्षांपूर्वी दोन्ही उघड्या होत्या. दुसरीच्या रांगेत चाळीस माणसं होती. माझ्यापुढे कुणी नव्हतं. तो तिकडे पाऊण तास उभा राहिला. टोपी डोळ्यांवर ओढून. मी तेवढा वेळ पेन्सिलींना टोकं काढली.”

बाईंनी तिच्या कपात कोको ओतला.

“अठरा पेन्सिली होत्या,” व्हर्लिन म्हणाली.

शेरभर मीठचं कागदावरचं नाव इग्नेशियस रेडहेड. गाव व्हिक्टोरिया, वय एकसष्ट, धंदा मासेमारी. लहानपणी आईने पावशेर मीठ आणायला पाठवलं तर शेरभर घेऊन आला, आणि चूक लपवायला वाटेत जास्तीचं तीन पावशेर मीठ खायला बसला. बायको मार्था. मुलं पाच. सहावी व्हर्लिन. हे व्हिक्टोरियापासून सोतेरपर्यंत प्रत्येक दगडाला माहीत होतं, आणि एकही दगड कधी बोलला नव्हता.

अकराला रेडहेड मंडळी मिनीबसने आली. शेरभर मीठने बॅग दिली, कागद घेतला, आणि आत जाण्याऐवजी परत तळावर गेला. तिथे मार्थाने टोप काढला. नीरफणस, अळूची पानं, खारवलेलं डुकराचं मांस, सगळं नारळाच्या दुधात आटलेलं. परदेशी जाणाऱ्याला रिकाम्या पोटी कोण सोडतं. सगळे ताटल्या घेऊन बसले.

विमान साडेबाराला दरवाजा लावणार होतं. बारा वाजून पाच मिनिटांनी बाईंनी पहिल्यांदा पुकारलं.

“प्रवासी इग्नेशियस रेडहेड. न्यूयॉर्क. दरवाजा दोन.”

तळावर कुणी हललं नाही. सव्वाबाराला पुन्हा. बारा वीसला पुन्हा. बाकीचे सगळे प्रवासी आत बसले होते. व्हर्लिनच्या खिडकीपुढे कुणी नव्हतं. ती पेन्सिलीला टोक काढत होती.

लेसी जिना चढून आले. कपाळावर घाम.

“त्याची बॅग पोटात गेलीय विमानाच्या. माणूस आला नाही तर बॅग काढावी लागेल. ती सगळ्यात तळाशी आहे. तिच्यावर चाळीस लोकांचं सामान आणि नीरफणसांची पोती. तासभर जाईल. परत पुकारा.”

बाईंनी पुकारलं. आणि पुकारताना काचेतून खाली पाहिलं.

शेरभर मीठ उलट्या बादलीवर बसला होता. ताटली मांडीवर. नाव ऐकून त्याची मान दरवाजाकडे वळली. मग परत ताटलीत गेली. मार्था त्याच्याकडे बघत होती. तो मांसाचा एकच तुकडा ताटलीच्या ह्या काठावरून त्या काठावर नेत होता.

म्हणजे त्याला आपलं नाव माहीत होतं. खिडकीही माहीत होती.

बाईंनी हात माईकवरून काढून मांडीवर ठेवला. त्यांना फक्त आणखी पाच मिनिटं गप्प बसायचं होतं. पाच मिनिटांनी दरवाजा लागला असता, संध्याकाळी नव्वद दिवस पुरे. बॅग काढली असती, विमान तासभर उशिरा गेलं असतं, दोष शेरभर मीठचा. आणि नोकरी बाईंची. कोंबड्यांना परत कोंबड्या होता आलं असतं.

“मेलाय की काय हा माणूस?” लेसी म्हणाले.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा.

त्यांनी माईक जवळ ओढला. घसा साफ केला. तो आवाज तळावर, कठड्यावर, खालच्या दालनात, सगळीकडे गेला, आणि नुसत्या त्या घसा साफ करण्याने सामान उचलणाऱ्या हमालांनी टोप्या काढल्या.

“इग्नेशियस रेडहेड,” बाई म्हणाल्या. “वय एकसष्ट. राहणार व्हिक्टोरिया.”

तळावर मिनीबसवाल्यांनी रेडिओ बंद केले. शेरभर मीठनेसुद्धा टोपी काढून छातीशी धरली. हात सवयीनेच गेला होता.

“शेरभर मीठ या नावाने सर्वपरिचित.”

त्याची टोपी खाली पडली.

“मार्था रेडहेड यांचे पती. गाढवाचा दात या नावाने सर्वपरिचित असलेले गुयावचे विल्फ्रेड, यांचे थोरले भाऊ. ब्रुकलिनची इनेझ, टोरोंटोचा केल्विन, व्हिक्टोरियाचे ऑस्बर्ट, जूलियट आणि लिंडन, यांचे वडील.”

लेसी दोन्ही हात हलवत होते. बाईंनी श्वास घेतला. तोच तो श्वास.

“आणि व्हर्लिनचे वडील. व्हर्लिन इथेच, पासपोर्टच्या खिडकीत बसते. शेरभर मीठ अजून हयात आहेत. त्यांनी त्या खिडकीपाशी यावं. ती उघडी आहे.”

हयात असल्याचं वाक्य कुणी ऐकलं नाही. ऐकणार कसं. सव्वीस वर्षांत कुणी यादीच्या पुढे ऐकलंच नव्हतं. यादी संपली की रडायचं असतं. कठड्यावर ज्या बायका दुसऱ्याच कुणाला निरोप द्यायला आल्या होत्या त्याही रडल्या, कारण रडणं शेजारचीने सुरू केलं होतं. एक मिनीबसवाला फोनवर व्हिक्टोरियाला सांगत होता. पाच मिनिटांत तिथली घंटा वाजली. गुयावमध्ये विल्फ्रेडने भावासाठी बोकड सोडला. म्हणजे दोरीतून सोडला, कापायला.

मयत बादलीवर बसला होता. भोवती त्याचेच मित्र टोप्या काढून उभे. एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “फार चांगला माणूस होता रे.” मग त्याने खांदा कुणाचा ते पाहिलं.

मार्थाने पळी टोपात ठेवली.

“ऐकलंस? मेलास तू. आता ऊठ.”

“तिने सहावं नाव घेतलं, मार्था.”

“मला मोजता येतं, इग्नेशियस. तीस वर्षं मोजतेय.” तिने एक स्वच्छ ताटली पुसली, तीत नीरफणस वाढलं, अळू वाढलं, मांसाचा मोठा तुकडा शोधून ठेवला. वर दुसरी ताटली झाकली. “तुला वाटलं गाव माझ्यापासून लपवतंय. गाव तुझ्यापासून लपवत होतं, की मला माहीत आहे म्हणून. घे. पोरीकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस.”

“ती घेईल का?”

“ते तिला विचार. मी काय खिडकीत बसते?”

तो गेला. हातात ताटली, बगलेत टोपी. दालनातली माणसं बाजूला झाली. भुताला वाट द्यावी तशी.

बाई काचेतून बघत होत्या. लेसींनाही ऐकावं लागत होतं, कारण पासपोर्टच्या खिडकीतही माईक होता, बाईंनी तो चालू ठेवला होता आणि बटण कुठे आहे ते लेसींना माहीत नव्हतं.

शेरभर मीठने खिडकीतून ताटली आत सरकवली.

“हा पासपोर्ट नाही,” व्हर्लिन म्हणाली.

त्याने खिसे चाचपले. पासपोर्ट दिला. तिने तो उघडला.

“नाव?”

“शेरभर मीठ.”

“इथे वेगळं लिहिलंय.”

“तेही माझंच.”

तिने फोटो पाहिला. मग त्याच्याकडे पाहिलं. मग परत फोटो. एवढा वेळ कुणी पासपोर्ट बघत नाही.

“नाक जुळतंय,” ती म्हणाली.

“हो,” तो म्हणाला. “ते सगळ्यात आधी दिसलं मला. तू आठ दिवसांची होतीस.”

व्हर्लिनने शिक्का उचलला. शाईत दाबला. पुन्हा दाबला.

“किती दिवसांनी परत?”

“महिन्याने. इनेझला मूल होणार आहे.”

“येणाऱ्यांच्या खिडकीत मी एक आठवडा सोडून एक आठवडा असते.”

“मग ज्या आठवड्यात तू असशील त्या आठवड्यात येतो. तिकीट बदलतो.”

तिने शिक्का मारला. वाकडा पडला. तिने कधी वाकडा मारला नव्हता.

“जा. विमान थांबलंय,” ती म्हणाली. “आणि दोन चमचे मीठ जास्त आहे ह्यात.”

तिने तोवर ताटलीवरची ताटली काढून चाखलंसुद्धा होतं.

विमान एकवीस मिनिटं उशिरा गेलं. बॅग काढावी लागली नाही. कठड्यावर मार्था हात हलवत राहिली, विमान ठिपका झालं तरी. तिच्या शेजारी व्हर्लिन उभी होती. खिडकीत कुणी नव्हतं, तेव्हा येऊन गेली, असं नंतर तिने सांगितलं. तिचा हात फार वर गेला नाही. पण मार्थाच्या आधी थांबला नाही.

लेसींच्या खोलीत फोन थांबत नव्हता. व्हिक्टोरियाचे पाद्री विचारत होते, शव किती वाजता येतंय. गुयावचा विल्फ्रेड विचारत होता, बोकडाचं आता काय करू.

“खा म्हणावं,” बाईंनी सुचवलं.

लेसींनी फोन खाली ठेवला. खोकं पुढे ओढलं.

“मिस कॅडोर, माझ्या विमानतळावर एक मेलेला माणूस स्वतःच्या पायाने न्यूयॉर्कला गेला. मी आजवर असं ऐकलं नाही. तुम्ही शेवटच्या दिवशी… मी सांगितलं होतं, चौथा शब्द नको.”

“सांगितलं होतं.”

“मग तुम्हीच सांगा मी काय करू.”

“खोकं उघडा,” बाई म्हणाल्या. “तिला बसवा. मी जाते. फक्त जाताना एकदा सगळ्यांचे आभार मानेन म्हणते. माईकवरून. हमाल, झाडूवाल्या, व्हर्लिन. आणि तुमचे. नव्वद दिवस संधी दिलीत.”

“माझे आभार मानायची गरज नाही.”

“असं कसं. नाव घ्यावं लागेल. पूर्ण घेते मी, तुम्हाला माहीत आहे. रूपर्ट लेसी, वय एकोणपन्नास, मूळचे ग्रेनव्हिलचे.” त्यांनी श्वास घेतला.

लेसींनी टाय सैल केला.

नऊ वर्षांचा असताना रूपर्ट लेसीने सुगीच्या प्रार्थनेआधी चर्चच्या वेदीवरची केळी खाल्ली होती. सगळी. आळ पाद्र्याच्या शेळीवर आला. पोरगा गप्प राहिला. शेळीचं त्या रविवारी कालवण झालं, आणि सोमवारी त्याच्या गादीखाली साली सापडल्या. तेव्हापासून शाळा सुटेपर्यंत तो पाद्र्याची शेळी. मायामीला वीस वर्षं कुणी त्याला शेळी म्हणालं नव्हतं. इथे आल्यापासून कर्णे बसवताना, टाय बांधताना, त्याला वाटत होतं लोक विसरले.

“तुम्हाला कसं माहीत?” ते म्हणाले. आवाज लहान मुलाचा आला.

“सर, त्या शेळीची बातमी कुणी वाचली नव्हती. शेळ्यांची वाचत नाहीत. मला अजून वाईट वाटतं.”

फोन वाजला. लेसींनी उचलला नाही. खणातून कागद काढला. तो टाईप करून तयार होता. दोन कागद होते खरं तर. त्यांनी एक परत ठेवला.

“नातेवाईकांची यादी नको,” ते म्हणाले. “निदान रोज नको.”

“रोज कशाला,” बाई म्हणाल्या. “विमान उशिरा होत असेल तरच.”

त्यांनी कायम नेमणुकीचा कागद दोनदा वाचला. ‘मिस युफ्रेशिया कॅडोर’ असं लिहिलं होतं. त्यांनी लेसींचं पेन घेतलं आणि नावापुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. कागद सहीसाठी परत सरकवला.

“हे काय?” लेसी म्हणाले.

“नाहीतर कुणाला कळणार, कोणाला लागली नोकरी.”

लेसींनी वाचलं. साडेबारा या नावाने सर्वपरिचित. त्यांनी सही केली.

जाताना बाईंनी खोकंही मागितलं. आतली बाई नको होती, फक्त खोकं. त्यात कोंबड्यांना बसायला भुसा चांगला होता.